औत सोडताना

मराठीचा अधिव्याख्याता म्हणून मी गेली अठरा वर्षे वर्गात संधी आणि विग्रह शिकवीत आलो आहे. दोन शब्द देऊन संधी करायला सांगितली की पाच-सहा हात लगेच वर होतात. जोडशब्द देऊन त्याचा विग्रह विचारला की हेच हात बाकाखाली जातात. जोडायला फारसे काही लागत नाही. सोडवायला मात्र आत काय काय गुंतले आहे ते ठाऊक असावे लागते. हे शहाणपण मी व्याकरणाच्या पुस्तकातून उचलले, अशी माझ्या विद्यार्थ्यांची समजूत आहे. खरे सांगायचे तर ते मी एका उन्हाळ्यात, वाटूरच्या शिवारात, एका ट्रॅक्टरच्या मागे शिकलो. आणि त्याची फी मी भरली नाही, माझ्या चुलतभावाने भरली.

वाटूर हे आमचे मूळ गाव. जालन्याहून मंठ्याकडे निघालात की वाटेत वाटूर फाटा लागतो आणि तेथून परतूरची वाट फुटते. बसमधल्या प्रवाशांच्या लेखी वाटूर म्हणजे हा फाटाच. चहाचा एक घोट, कंडक्टरची एक घंटी, की संपले वाटूर! पण फाट्यावरून आत आलात की दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरलेली दिसते. कपाशी, तूर, सोयाबीन, कुठे मोसंबीची बाग. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर आमचा परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, ते अखेरपर्यंत 'जिल्ह्याला जाऊन येतो' म्हणाले की परभणीच समजायची.

आबांच्या काळात आमच्या घरी ट्रॅक्टर नव्हता; बैलांच्या दोन जोड्या होत्या. संध्याकाळी ओसरीवर बसले की शेतातून हाक ऐकू यायची आणि आजी म्हणायची, 'औत सुटलं वाटतं, चुलीवर पाणी ठेवा.' औत सुटणे ही त्या घरातली एक वेळ होती. घड्याळात नसलेली, पण सगळ्यांना कळणारी. मी भाषेचा माणूस म्हणून नंतर त्या शब्दांच्या मागे लागलो. जू, शिवळा, जोते, इसाड, रुमणे, फाळ. औताच्या एकेका भागाला स्वतःचे नाव. यातले जू तर फारच जुने. संस्कृतातले 'युग' आणि इंग्रजांचे 'योक' ही त्याचीच भावंडे. माणसाने बैल औताला जुंपला तेव्हापासून हा शब्द त्या बैलाच्या मानेवर आहे.

त्या औताचा एक मोठा गुण असा, की ते सोडायला जोखीम नव्हती. जोते काढले, बैल बाजूला केले, वखर जागेवर आडवा केला की झाले. फार तर गडी तो खांद्यावर टाकून घरी घेऊन येई. जे माणसाला खांद्यावर पेलते, ते पायावर पडले तरी माणूस चार दिवस लंगडतो आणि कामाला लागतो.

मग लोखंड आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे तोच नांगर महाराष्ट्रभर गेला. जमिनीला लोखंडाचे विष बाधले नाही. पण औताचे वजन वाढले, आणि ते पुढे वाढतच गेले.

ट्रॅक्टरचे अवजार इतके जड का आणि ते ट्रॅक्टरला जोडलेले असते तरी कसे, हे कळण्यासाठी थोडे परदेशात जावे लागेल. दादाशी, म्हणजे या चुलतभावाशी, बोलताना मी एकदा 'फर्ग्युसन' म्हणालो. माझ्या मनात पुण्याचे कॉलेज होते. तो म्हणाला, 'लई दणकट गाडी. उचल जरा हळू होती, पण दणकट.' आमच्या दोघांचे फर्ग्युसन वेगळे! माझे कॉलेज ज्यांच्या नावाचे ते सर जेम्स फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर होते. दादाचा फर्ग्युसन म्हणजे आयर्लंडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, १८८४ साली जन्मलेला हॅरी फर्ग्युसन. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आयर्लंडमधली ट्रॅक्टरची नांगरट सुधारण्याचे काम त्याच्याकडे आले. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता साखळीने किंवा दांडीने ओढला जाई. नांगर खडकाला अडला की मागची चाके फिरतच राहायची, पुढची चाके वर उचलली जायची आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा व्हायचा.

फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडला. खाली डावा-उजवा असे दोन बाहू आणि वर मध्ये एक दांडी. आमच्याकडे तिला सगळे टॉप लिंकच म्हणतात. खालचे बाहू तेलाच्या दाबाने वर-खाली होतात. वरची दांडी अवजाराला सरळ धरते. नांगर अडला तर ही वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते, त्यामुळे पुढची चाके जमीन सोडत नाहीत. १९२६ साली त्याला याचे पेटंट मिळाले. १९३८ साली त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, आणि १९४६ पासून कॉव्हेंट्रीत त्याचा तो प्रसिद्ध करडा ट्रॅक्टर निघू लागला. आपल्याकडे १९५९ मध्ये आयशरने फरिदाबादला ट्रॅक्टर बांधला, १९६० मध्ये मद्रासला टॅफे ही कंपनी निघाली, १९६३ मध्ये महिंद्र या धंद्यात उतरले. ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, त्याच्या पाठीमागे पाहिलेत की फर्ग्युसनचे तेच तीन बिंदू दिसतील.

या युक्तीने असंख्य जीव वाचवले असतील. पण तिने एक नवी जागा निर्माण केली. ट्रॅक्टरची मागची चाके आणि अवजार यांच्या मधली ती दीड-दोन हातांची चिंचोळी जागा. औत जोडायला आणि सोडायला माणसाला तिथे शिरावे लागते. वरती उचलून धरलेले अवजार, खाली माणसाचे पाय, आणि मध्ये फक्त तेलाचा दाब.

त्या जागेत १९९६ च्या मे महिन्यात माझा दादा उभा होता.

मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. सुट्टीत वाटूरला आलो होतो. आबांनी जुना, दुसऱ्याच्या हातचा ट्रॅक्टर घेऊन वर्षही झाले नव्हते. नऊ फणांचा कल्टिव्हेटर जोडलेला होता, दोन क्विंटलांच्या वर वजनाचा. तो सोडून शेजारच्या गावी पोचवायचा होता. जागा बांधाजवळची, उताराची. बॅटरी दुबळी होती. एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा चालू करायला ट्रॅक्टर ढकलावा लागे, म्हणून इंजिन चालूच ठेवले होते. अवजार जमिनीपासून हातभर वर लटकत होते. मी मोठ्या ऐटीने सीटवर बसलो होतो. शहरातल्या मित्रांना सांगण्यासाठी एवढे पुरेसे होते. दादा मागे टॉप लिंकची पिन हातोडीने ठोकीत होता. ती निघेना, निघणार कशी? सगळा ताण तिच्यावरच होता. तो ओरडला, 'जरा वर घे!'

मी लिव्हर दाबला. खालच्या बाजूला.

पुढचे फार काही लिहीत नाही. दिवाळीचा अंक आहे, घरात लेकरे वाचतात. दादाच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली. जालन्याच्या दवाखान्यात आबा धावत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'कसं झालं?' मी तोंड उघडण्याच्या आत दादा खाटेवरून म्हणाला, 'पिन निसटली.' आबांचा संताप त्याला माहीत होता, आणि मी त्याच्या वडिलांच्या धाकट्या भावाचा एकुलता एक मुलगा होतो. त्या दोन शब्दांत त्याने मला पाठीशी घातले. मी गप्प बसलो. सोळा वर्षांचा मुलगा गप्प बसला तर समजू शकते. पण पुढे एकोणतीस वर्षे मी गप्पच राहिलो. आबा गेले, तरी गप्पच राहिलो.

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब वाटूरला गेलो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेच्या सकाळी, अंगणात दादाचा मुलगा रोटाव्हेटर सोडायच्या तयारीत होता. पोरगा वीस वर्षांचा, उमदा, ट्रॅक्टर असा फिरवतो की पाहत राहावे. सोयाबीनचे रान फिरवून झाले होते. आता हरभऱ्यासाठी पेरणीयंत्र जोडायचे होते. रोटाव्हेटर म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार. त्याचे वजन सहज चार क्विंटल भरते; म्हणजे सिमेंटची आठ पोती. ट्रॅक्टरचे इंजिन चालू, रोटाव्हेटर वर उचललेला, आणि पोरगा त्याच्या खाली वाकून एकेक पिन तपासतो आहे. एकदा तपासली, दुसऱ्यांदा तपासली.

मी विचारले, 'अरे, इंजिन बंद करून का नाही करत?'

'कशाला काका? परत सेल्फ मारा, परत लिफ्ट चढवा. पिना पक्क्या पाहिल्या म्हणजे झालं. आमच्या अण्णांची पिन निसटली होती ना, म्हणून मी दोनदा पाहतो.'

वाचकहो, त्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. ज्या थापेने मला आबांच्या तोंडून वाचवले होते, ती थाप या घरात वारसा होऊन राहिली होती. बापाच्या पायाकडे पाहत हा पोरगा मोठा झाला आणि त्याने त्यातून मनापासून एक धडा घेतला. पण धडा चुकीचा होता. पिन निसटली नव्हतीच. म्हणून तो पिना दोनदा तपासतो, आणि ज्याने घात केला त्या दोन गोष्टी, म्हणजे चालू इंजिन आणि लटकते वजन, त्या मात्र तशाच ठेवतो. अपघात कसा झाला हे खोटे सांगितले, की पुढच्या माणसाची खबरदारीही खोट्या जागी पहारा देत बसते.

'आधी बाहेर ये,' मी म्हणालो. माझा आवाज एरवी वर्गातसुद्धा इतका चढत नाही. तो बाहेर आला. दादा ओसरीवरून उठून आला. आणि तिथेच, अंगणात, उटण्याचा वास अजून अंगाला असताना, मी त्या पोराला १९९६ चा सगळा प्रकार सांगितला. लिव्हर मी दाबला, खाली दाबला, आणि गप्प बसलो.

पोरगा एकदा माझ्याकडे, एकदा बापाच्या पायाकडे पाहत राहिला. दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांच्या हातातले ताट तसेच राहिले. मला वाटले, दादा आता 'जाऊ दे रे' म्हणेल. तो तसे म्हणाला नाही. थोडा वेळ त्याने तंबाखू मळली आणि मग मुलाला म्हणाला, 'यानं लिव्हर चुकवला, हे खरं हाये. पण याला लिव्हर कळत नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी मी याला वर बसवलं. अन् टांगलेल्या वजनाखाली पाय मी घातला. ज्याचा जीव खाली, किल्ली त्याच्याच खिशात पायजे होती. ती दुसऱ्याच्या हातात होती. बस. चूक ती.'

मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'मास्तर, तू आज सांगितलंस ते बरं केलंस. मला काही सांगता येत नव्हतं. एकदा थाप मारली की ती बी अडकून बसती, पिनेवानी.'

त्या दिवशी आमच्या घरची भाऊबीज दोन तास उशिरा झाली. कारण दादाने रोटाव्हेटर स्वतः सोडून दाखवला. एकेक पायरी, एकेक कारण सांगत. मी वहीत टिपून घेतले. माझे अर्धे आयुष्य टिपणे काढण्यात गेले आहे, पण ती वही मी सगळ्यांत जपून ठेवली आहे. त्यातला सारांश असा.

पहिली गोष्ट जागा. सपाट आणि टणक जमीन पाहायची. आपली काळी माती पावसाने भिजली की लोण्यासारखी होते. तीवर जड अवजार ठेवले तर रात्रीतून कलते, आणि सकाळी जोडायला येणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून खाली जाड फळ्या टाकायच्या. जागा अशी निवडायची, की पुढच्या वेळी ट्रॅक्टर सरळ मागे आणता यावा. उभ्या राहणाऱ्या अवजाराला त्याची घोडी, म्हणजे टेकू, लावून पिन घालायची. लेकरे, कोंबड्या, कुत्री आणि हौशी पाहुणे यांना लांब करायचे. शेवटच्या वर्गात मी मोडतो, असे दादाने स्पष्ट सांगितले.

दुसरी गोष्ट, अवजार पूर्ण खाली. हातभर नाही, बोटभर नाही, जमिनीला टेकलेले. मग गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, किल्ली खिशात. इंजिन बंद झाल्यावर लिफ्टचा लिव्हर पुन्हा एकदा पूर्ण खाली करायचा, म्हणजे तेलात उरलेला दाब निघून जातो. दादा म्हणाला, 'लिफ्ट उचलायसाठी हाये, धरून ठेवायसाठी नाही.' नळी फुटली, वॉशर गेला, कुणाचा हात लागला, की वरचे खाली येते. पाती बदलायला किंवा फण आवळायला अवजार वर ठेवणे भागच असेल, तर त्याच्याखाली भक्कम लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडे लावायचे आणि वजन त्यांच्यावर उतरवायचे. विटा किंवा पोकळ ब्लॉक चालत नाहीत; ते फुटताना सांगून फुटत नाहीत.

तिसरी गोष्ट पीटीओ शाफ्ट. ट्रॅक्टरच्या इंजिनाची फिरकी अवजारापर्यंत नेणारी ही दांडी मिनिटाला ५४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, ओढणी, सैल बाही तिच्यात गेली तर 'अरे' म्हणायला सवड मिळत नाही. ती पूर्ण थांबलेली पाहूनच हात लावायचा. खटका दाबून ती ओढून काढायची, धुळीत न टाकता आकड्याला अडकवायची, आणि तिच्यावरचे आवरण मोडले असेल तर ते बदलल्याशिवाय पुन्हा जोडायची नाही.

चौथी गोष्ट फक्त पलटी नांगरासारख्या अवजारांना, ज्यांना तेलाच्या नळ्या असतात. दाब उतरवून मगच त्या काढायच्या आणि तोंडाला टोपणे लावायची. नळी गळते आहे का हे हाताने कधीही चाचपायचे नाही. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने उडालेले तेल कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसे. पण तासाभरात दवाखाना गाठला नाही तर हात गमावण्याची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहायचे.

पाचवी गोष्ट, आता कुठे पिना. आधी टॉप लिंक. तिची आट्यांची दांडी फिरवून ताण सैल करायचा. पिन सहज निघाली पाहिजे. निघत नसेल तर तिच्यावर कुठला तरी भार आहे. तो भार शोधायचा, हातोडी शोधायची नाही. मग खालचा उजवा बाहू, कारण त्याला उंची कमी-जास्त करायची सोय असते, शेवटी डावा. जोडताना याच्या उलट: डावा, उजवा, टॉप लिंक. भोके जुळली का ते बोट घालून पाहायचे नाही. 'बोट आत असताना लोखंड इंचभर हललं, तर मोजायला नऊच राहतात,' दादा म्हणाला, आणि स्वतःच हसला. त्याच्या हसण्यावर मला हसता आले नाही.

काढलेल्या पिना त्यांच्या त्यांच्या भोकात परत घालून ठेवायच्या. खालच्या बाहूंच्या पिना २२ किंवा २८ मिलिमीटर अशा ठरलेल्या मापाच्या असतात. हरवलेल्या पिनेच्या जागी खिळा किंवा तारेचा वेटोळा घालून वेळ मारून नेणे, हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग उपाय आहे.

सहावी गोष्ट, दोन चाकांच्या मधून बाहेर पडायचे, सीटवर बसायचे आणि मगच किल्ली लावायची. खाली उभे राहून ट्रॅक्टर चालू करायचा नाही. हळूच वीतभर पुढे घ्यायचा, थांबून मागे पाहायचे, सगळे सुटले आहे ना याची खात्री करायची, मग पुढे.

एवढे झाल्यावर प्रश्न उरतो तो सुटे झालेले धूड हलवायचा. इथे आपल्या लोकांचा भरवसा 'चार पोरं बोलवा'वर. चार पोरे लावून चार क्विंटल उचलायचे तर प्रत्येकी एक क्विंटल. आणि एकाचा हात सुटला की उरलेल्या तिघांवर सगळा भार. दादाचा नियम असा, की ट्रॅक्टरने जे हलते ते माणसाने हलवायचे नाही. ट्रॅक्टर नसेल तर पहार. पाच फुटांची पहार घ्या, टोकापासून सहा इंचांवर तिच्याखाली ठोकळा ठेवा. आता आपल्या बाजूला साडेचार फूट आणि वजनाच्या बाजूला अर्धा फूट, म्हणजे आपले बळ नऊपट झाले. अवजाराची एक कड उचलायला साधारण निम्मे वजन पेलावे लागते. दोनशे किलोंची ती कड मग तेवीस किलोंच्या दाबाला ऐकते. बोटभर उचलले की बोटभर ठोकळा सारायचा. पुन्हा उचलायचे, पुन्हा सारायचा. हात मात्र खाली नेायचा नाही; ठोकळा काठीने ढकलायचा. मग खाली फळ्या आणि फळ्यांवर लोखंडी पाइपाचे तुकडे घातले की तेच धूड घरंगळत जाते. ट्रॉलीत चढवायचे असेल तर तीन मजबूत बल्ल्यांची तिकाटी उभी करून साखळी-कप्पी लावायची; बल्ल्यांचे पाय खड्ड्यात रोवून एकमेकींना बांधायचे, ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, आणि लोंबणाऱ्या वजनाखाली कुणीही, क्षणभरही, जायचे नाही.

आणि चिखलात रुतलेले अवजार ओढायचे असेल, तर साखळी ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांडीलाच बांधायची. टॉप लिंकच्या उंचीवर बांधली, तर फर्ग्युसनने जे थांबवले तेच आपण पुन्हा घडवून आणतो. पुढची चाके आकाशाकडे जातात.

शेतातून रस्त्यावर आलो की नियम बदलतात. जड अवजार मागे उचललेले असले की ट्रॅक्टरचे नाक हलके होते आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. त्यासाठी पुढे वजने लावावी लागतात. शेतात वळायला सोयीचे म्हणून डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. रस्त्यावर ते दोन्ही पायटे आकडी लावून एकत्र करायचे, नाही तर घाईच्या ब्रेकला ट्रॅक्टर एकाच बाजूला फिरतो. शाफ्टची फिरकी बंद ठेवायची, मागे तांबडे फडके आणि चमकणारी पट्टी लावायची, आणि अवजारावर कुणाला बसू द्यायचे नाही. आमच्या फाट्यावर रात्री ट्रक सुसाट येतात. दिव्याविना चाललेला रोटाव्हेटर त्यांना अंगावर येईपर्यंत दिसत नाही.

मळणीयंत्रात हात जाऊ लागले म्हणून १९८३ साली देशात धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. तो व्हायलाच हवा होता. पण बांधाजवळच्या उतारावर दोन भाऊ औत सोडत असतात, तिथे कुठला निरीक्षक येणार? तिथे कायदा एकच, खिशातल्या किल्लीचा. कारखान्यांतही हाच रिवाज आहे असे मला नंतर कळले. यंत्राच्या पोटात दुरुस्तीला शिरणारा प्रत्येक कामगार बटणावर स्वतःचे कुलूप घालतो आणि किल्ली बरोबर नेतो. जगभरच्या मोठमोठ्या इंजिनिअरांनी जे ठरवले, ते माझ्या सातवी शिकलेल्या दादाने पायाची दोन बोटे देऊन शोधून काढले होते.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहणारी माणसे, आमच्या घरी रोटाव्हेटर कुठला? पण दिवाळीच्या साफसफाईत तुम्ही गोदरेजचे कपाट सरकवले असेलच! एकजण 'उचल' म्हणतो, दुसरा 'थांब' म्हणतो, तिसऱ्याचा अंगठा फरशीत. तिथेही हेच लागू. आधी आतले सामान काढा, मग हलवा. बोलणारा एकच असू द्या. 'वर', 'खाली' म्हणजे काय ते आधी ठरवा. पंखा पुसणाऱ्याने बटण स्वतः बंद करावे आणि त्याला हात लावू नका असे घरात सांगावे. मिक्सरच्या पात्याला हात लावणारीने आधी प्लग काढावा. आणि काही बिनसलेच, तर कसे बिनसले ते लेकरांना खरे सांगा. चूक कुणाची हे सांगितले नाही तरी चालेल. पण काय चुकले हे लपवले, तर तीच चूक घरात पुन्हा फिरून येते.

निघायच्या दिवशी पहाटे मी अंगणात आलो. पेरणीयंत्र जोडायचे होते. पोरगा एकटाच होता. मला वाटले, पाहणारे कुणी नाही तर तो आपल्या जुन्या सवयीवर जाईल. त्याने ट्रॅक्टर मागे आणला, थांबवला. क्षणभर शांतता झाली, इतकी की गोठ्यातल्या गाईचे रवंथ ऐकू येऊ लागले. इंजिन बंद झाले होते. किल्ली काढून त्याने शर्टाच्या खिशात टाकली, वरून खिसा एकदा चाचपला आणि मग तो त्या दीड हाताच्या जागेत वाकला.

ओसरीवर दादा चहा घेत होता. त्याने तिकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि माझ्यासाठी आणखी एक कप आणायला घरात हाक दिली.